नामदार गोखले अभ्यासावेत कसे

दरवर्षी ९ मे किंवा १९ फेब्रुवारी जवळ आली, की शाळा, वाचनालये आणि व्याख्यानमाला यांना नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्यावर बोलणारे कोणीतरी हवे असते. ज्याच्यावर ते काम येते तो बहुधा ‘मवाळ पुढारी’, ‘गांधीजींचे राजकीय गुरू’ आणि ‘भारत सेवक समाजाचे संस्थापक’ या तीन वाक्यांच्या आधारावर अर्धा तास कसाबसा भरून काढतो. ही तिन्ही वाक्ये खरी आहेत. पण ती ऐकून उठलेल्या श्रोत्याला गोखल्यांनी नेमके काय केले, हे सांगता येत नाही. ज्यांना असे व्याख्यान द्यायचे आहे, निबंध लिहायचा आहे किंवा एखाद्या वाचनमंडळात महिनाभर हा विषय घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी मी येथे एक रीत सांगणार आहे. तिचे सार एवढेच, की गोखल्यांना विशेषणांतून पाहू नये, त्यांच्या आकड्यांतून आणि त्यांच्या पराभवांतून पाहावे.

आरंभी एका मोठ्या कागदावर कालपट तयार करावा. त्यात केवळ जन्म आणि मृत्यू यांच्या तारखा न लिहिता, शेजारच्या रकान्यात त्या त्या वर्षी या माणसाची उपजीविका कशावर चालली होती तेही लिहावे. ९ मे १८६६ रोजी गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे, आजोळी, जन्म. बालपण कागलला. १८७९ मध्ये वडील वारले, तेव्हा थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून महिना १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले ८ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवू लागले. कागदावर हे दोन आकडे एकाखाली एक लिहून वजाबाकी करून पाहावी. सात रुपयांत सगळे घर चालवायचे आणि आठ रुपये एका मुलाच्या शिक्षणाला द्यायचे, असा त्या घराचा हिशेब होता. पुढे हाच मुलगा कलकत्त्याला व्हाइसरॉयसमोर उभा राहून साम्राज्याच्या जमाखर्चावर बोलला, आणि मिठावरच्या कराने गरिबाच्या घरात काय होते हे त्याला कोणी समजावून सांगावे लागले नाही. १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले, तेव्हा वय अठरा वर्षांचे होते. १८८५ पासून पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक. त्यानंतर डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद, म्हणजे अल्प वेतनावर वीस वर्षे अध्यापन करण्याची शपथ. शाळेत आणि फर्ग्युसनमध्ये त्यांनी गणित, इंग्रजी, इतिहास आणि अर्थशास्त्र असे जे पुढ्यात येईल ते शिकवले आणि अंकगणिताचे एक पाठ्यपुस्तकही तयार केले. या कालपटावर ‘शिक्षक’ हा शब्द ठळक लिहावा, कारण त्यांची पुढची सगळी संसदीय भाषणे एका चांगल्या शिक्षकाच्या तासासारखी बांधलेली आहेत.

कालपटावर १८८७ हे वर्षही वेगळे दिसले पाहिजे, कारण त्या सुमारास ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या हाताखाली आले. लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणाऱ्या पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन गोखल्यांकडे असताना रानडे त्यांच्याकडून सरकारी अहवाल, आकडे आणि कागदपत्रे बारकाईने वाचून घेत, अर्जांचे मसुदे लिहून घेत आणि मनासारखे उतरेपर्यंत पुन्हा लिहायला लावत. सरकार या अर्जांना साधे उत्तरही देत नाही, मग एवढी मेहनत कशासाठी, असे गोखल्यांनी एकदा विचारले. तेव्हा रानड्यांनी दिलेले उत्तर गोखले पुढे सांगत असत. त्याचा आशय असा, की हे अर्ज नावाला सरकारच्या नावे असले तरी ते खरोखर आपल्या लोकांसाठी आहेत. या प्रश्नांवर विचार कसा करावा हे लोकांनी शिकावे, म्हणून ते लिहायचे. हे उत्तर कालपटाच्या माथ्यावर लिहून ठेवावे. गोखल्यांचे कोणतेही भाषण वाचताना ते डोळ्यांसमोर असले, तर ‘विनंत्या करून काय मिळाले?’ हा नेहमीचा प्रश्न निराळा दिसू लागतो.

एवढी पूर्वतयारी झाल्यावर चरित्रग्रंथ बाजूला ठेवावेत आणि एक भाषण घ्यावे. माझा सल्ला असा, की २६ मार्च १९०२ चे अर्थसंकल्पावरील भाषण निवडावे. फिरोजशहा मेहतांनी मोकळ्या केलेल्या जागेवर निवडून येऊन केंद्रीय कायदेमंडळात आलेल्या गोखल्यांचे हे तेथील पहिले मोठे भाषण आहे, आणि ‘नामदार’ ही पदवी लोकांच्या तोंडी कायमची बसण्याला येथूनच सुरुवात झाली असे म्हणता येईल. त्यांची भाषणे इंग्रजीत असली तरी ती जुन्या संग्रहांतून सहज मिळतात आणि भाषा स्वच्छ असल्यामुळे शब्दकोश हाताशी असला की वाचता येतात. वाचताना पेन्सिल आणि कोरा कागद घेऊनच बसावे, कारण हे भाषण कानांनी ऐकण्यापेक्षा हाताने सोडवण्याचे आहे.

मुद्दा असा होता. देशात दुष्काळ आणि प्लेग यांनी हाहाकार उडवलेला असताना सरकारी तिजोरीत मात्र वर्षामागून वर्ष शिल्लक पडत होती, आणि ती देशाच्या भरभराटीची खूण आहे असे सरकारी बाजूचे म्हणणे होते. गोखल्यांनी विचारले, ही शिल्लक आली कोठून? हिंदुस्थान सरकारला दरवर्षी मोठा खर्च इंग्लंडात पौंडांत भागवावा लागे, आणि ते पौंड रुपये देऊन घ्यावे लागत. एका पौंडाचे २४० पेन्स. १८९४-९५ मध्ये रुपयाचा भाव सुमारे १३.१ पेन्सपर्यंत उतरला होता, म्हणजे २४० ला १३.१ ने भागले असता एका पौंडासाठी साधारण १८ रुपये ५ आणे (एका रुपयाचे १६ आणे) पडत. सरकारने १८९३ मध्येच लोकांच्या चांदीचे रुपये पाडून देणाऱ्या टांकसाळी बंद केल्या होत्या, आणि त्या जोरावर पुढे रुपयाचा भाव कृत्रिम रीतीने १६ पेन्सवर आणला. आता २४० भागिले १६, म्हणजे बरोबर १५ रुपये. पौंडामागे तीन रुपये पाच आणे वाचले. दर एक कोटी पौंडांमागे सव्वातीन कोटींहून अधिक रुपये वाचले. हा भागाकार वर्गात फळ्यावर करून दाखवावा, सातवी-आठवीच्या मुलालाही तो कळतो. रुपया घसरत होता त्या काळात तूट भरून काढण्यासाठी म्हणून जे कर वाढवले होते, ते रुपया सावरल्यावरही तसेच ठेवले गेले, आणि म्हणून तिजोरी भरून वाहू लागली. ती शिल्लक रयतेच्या सुबत्तेतून आलेली नव्हती, नको तेवढा कर घेतल्यामुळे आलेली होती, हे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून सिद्ध केले.

येथे थांबून आणखी एक लहान तक्ता करावा. मिठावरचा कर १८८८ मध्ये मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर नेला होता. १९०३ मध्ये तो दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया. १९०३ मध्येच प्राप्तिकरातून सूट मिळण्याची मर्यादा ५०० रुपयांवरून १,००० रुपयांवर गेली. हे सगळे एकट्या गोखल्यांमुळे घडले असे म्हणू नये. करकपातीची मागणी काँग्रेस कितीतरी वर्षे करीत होती आणि सरकारची स्वतःची कारणेही होती. पण दरसाल मार्च महिन्यात हा माणूस उभा राहून तोच हिशेब नव्या आकड्यांसह मांडत होता, हे तक्त्याशेजारी त्यांच्या भाषणांची वर्षे लिहिली की दिसते. अडीच रुपयांचा एक रुपया होणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरी महिन्याचे मीठ मोजून आणले जात होते त्याला विचारायला हवे होते. आज आपण निदान तो तक्ता तरी डोळ्यांखालून घालावा.

अभ्यासाचा दुसरा, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा, टप्पा म्हणजे त्यांचा एक पराभव पूर्ण वाचणे. त्यासाठी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक घ्यावे. त्या वेळी देशात शंभरांत सहाजणांनाही धड लिहिता-वाचता येत नव्हते. मार्च १९१० मध्ये गोखल्यांनी सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाकडे जाण्याची दिशा दाखवणारा ठराव मांडला, सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर तो मागे घेतला, आणि काही होत नाही असे पाहून १६ मार्च १९११ रोजी स्वतःचे विधेयक आणले. विधेयकाचा आवाका किती लहान ठेवला होता ते बारकाईने पाहावे. सक्ती सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती, तीही आरंभी फक्त मुलग्यांची. लागू करायची की नाही हे नगरपालिकेने किंवा जिल्हा मंडळाने ठरवायचे, तेही सरकारची पूर्वपरवानगी घेऊन. जेथे आधीच काही ठरावीक प्रमाणात मुले शाळेत आहेत अशाच ठिकाणी. आणि ज्या पालकांची मिळकत महिना १० रुपयांहून कमी आहे त्यांच्या मुलांना फी नाही. मुलींना प्रथम वगळले याची टोचणी आजच्या वाचकाला लागते, आणि लागायलाच हवी. अभ्यास मांडताना ती गोष्ट झाकू नये. पण एवढे सौम्य विधेयकही १९ मार्च १९१२ रोजी ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले, आणि विरोध करणाऱ्यांत सरकारी सभासदांबरोबर काही हिंदी जमीनदार प्रतिनिधीही होते.

त्या चर्चेला उत्तर देताना गोखले जे बोलले, ते मूळातून वाचावे. दिवस मावळण्यापूर्वी हे विधेयक फेकून दिले जाणार हे आपल्याला ठाऊक आहे, त्याबद्दल तक्रार नाही. आपल्या पिढीला देशाची सेवा आपल्या अपयशांतूनच करता येणार आहे, यशातून सेवा करणारे स्त्री-पुरुष पुढे येतील, असा त्याचा आशय आहे. हे वाक्य व्याख्यानात घ्यायचे असेल तर त्याच्या आधी ३८ आणि १३ हे आकडे सांगावेत. नंतर सांगितले तर वाक्य सुभाषितासारखे पोकळ वाटते. आधी सांगितले तर ते बोलणाऱ्या माणसाचा चेहरा दिसतो.

पराभवाचा माग पुढेही काढावा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी अमरेली भागात १८९३ पासून प्रयोग करून १९०६ मध्ये आपल्या संस्थानात सक्तीचे शिक्षण लागू केले होते, आणि गोखल्यांना तो दाखला हाताशी होता. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने मुंबई प्रांतात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. स्वतंत्र भारताच्या घटनेत चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचे मार्गदर्शक तत्त्व आले, २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्क ठरला आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा अंमलात आला. १९१० चा मार्च आणि २०१० चा एप्रिल यांच्यामध्ये शंभर वर्षे आहेत. वाचनमंडळात हा विषय असेल तर या एका रेघेवर एक पूर्ण बैठक द्यावी. कोणी स्थानिक नगरपालिकेच्या शाळेचा जुना दाखला-रजिस्टर किंवा शतकमहोत्सवी अंक घेऊन आला तर फारच चांगले.

ज्या प्रसंगांत आपला नायक उणा पडतो, त्यांच्याकडे कसे पाहावे हेही शिकावे लागते. १८९७ मध्ये गोखले हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात होते. तेथे त्यांना पुण्याहून पत्रे आली, की प्लेगबंदोबस्ताच्या गोऱ्या सोल्जरांनी घरांत शिरून स्त्रियांवर अत्याचार केले. त्यांनी ती हकिकत तेथील वृत्तपत्राला सांगितली. मायदेशी परतल्यावर पुरावा मागितला गेला, तो देता येईना, आणि पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करून त्यांना संकटात टाकणे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी बिनशर्त माफी मागितली. प्लेग अधिकारी रँड याच्या खुनानंतरचे ते दिवस, पुण्यातले वातावरण पेटलेले, आणि त्यात ही माफी. ती भ्याडपणाची ठरवून लोकांनी त्यांना अक्षरशः वाळीत टाकल्यासारखे केले. माझे मत असे, की माफीचे शब्द त्यांनी गरजेपेक्षा जास्त लीन वापरले. पण जे सिद्ध करता येत नाही ते मागे घ्यायचे आणि ज्यांनी विश्वासाने लिहिले त्यांची नावे सांगायची नाहीत, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळताना आणखी कोणती वाट मोकळी होती, हे टीकाकाराने सांगितले पाहिजे. त्यानंतर हेच गोखले पुण्यात प्लेगनिवारणाच्या स्वयंसेवकांत घरोघर फिरत होते. लहानपणी शाळेतले गणित कोणाच्या मदतीने सोडवले ते रडून कबूल केल्याची गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. मुलांना ती अवश्य सांगावी, पण मोठ्यांच्या सभेत सचोटीचा पुरावा म्हणून १८९७ चे हे प्रकरण ठेवावे.

त्याच न्यायाने घरगुती आयुष्याकडेही पाहावे. सामाजिक सुधारणेच्या बाजूने लिहिणाऱ्या, आगरकरांच्या ‘सुधारका’चा इंग्रजी भाग सांभाळणाऱ्या गोखल्यांनी पहिली पत्नी आजारी असताना, ती हयात असताना, वडीलधाऱ्यांच्या आग्रहाने दुसरे लग्न केले होते. विरोधकांनी यावरून त्यांना टोचले आणि त्यांना स्वतःलाही ही गोष्ट सलत राहिली. हे सांगायचे, आणि लगेच १९०३ च्या एप्रिलमध्ये धारवाडच्या सामाजिक परिषदेत अस्पृश्य मानलेल्यांच्या उन्नतीवर त्यांनी केलेले भाषणही वाचायचे. दक्षिण आफ्रिकेत हिंदी माणसाला मिळणाऱ्या वागणुकीचा आपल्याला संताप येतो, मग आपण आपल्याच माणसांशी कसे वागतो, असा सरळ प्रश्न त्या भाषणात आहे.

टिळक आणि गोखले यांची कुस्ती लावण्याचा मोह आपल्याकडे फार जुना आहे. तो टाळण्याचा उपाय म्हणजे दोघांच्या नावांखाली एकाच संस्थेतली वर्षे लिहिणे. न्यू इंग्लिश स्कूल, डेक्कन एज्युकेशन सोसायटी, सार्वजनिक सभा, १८९५ च्या पुणे काँग्रेसचे चिटणीसपद, या सगळ्या ठिकाणी दोघे एकमेकांच्या अगदी जवळ होते, आणि भांडले ते म्हणूनच एवढे कडाडून. १८९५ मध्ये सार्वजनिक सभा टिळकांच्या बाजूच्या लोकांकडे गेली, १८९६ मध्ये रानड्यांनी डेक्कन सभा काढली, १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेसच फुटली. या भांडणाचे तपशील अवश्य वाचावेत; मात्र शेवटी टिळकांचे स्मशानातले भाषणही वाचावे, ज्यात त्यांनी गोखल्यांना हिंदुस्थानचा हिरा आणि महाराष्ट्राचे रत्न म्हटले.

वारसा मांडताना पुतळे आणि रस्त्यांची नावे मोजण्यात वेळ घालवू नये, माणसे मोजावीत. १२ जून १९०५ रोजी फर्ग्युसन कॉलेजामागच्या टेकडीवर गोखल्यांसह चौघांनी शपथा घेऊन भारत सेवक समाज, म्हणजे सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, स्थापन केला. नव्या सभासदाने पाच वर्षे शिकाऊ म्हणून राहायचे, देश हिंडायचा, अभ्यास करायचा, स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही, असा तेथला दंडक होता. पहिल्या चौघांतले गोपाळ कृष्ण देवधर रमाबाई रानड्यांबरोबर पुण्याच्या सेवासदनात दिसतात. ना. म. जोशी गिरणगावात कामगारांची वस्ती आणि शिक्षण हाती घेतात आणि १९२० मध्ये ‘आयटक’ या अखिल भारतीय कामगार संघटनेच्या स्थापनेत पुढे असतात. ठक्करबाप्पा भिल्लांच्या आणि हरिजनांच्या सेवेला वाहून घेतात. श्रीनिवास शास्त्री आणि हृदयनाथ कुंझरू कायदेमंडळात गोखल्यांची शैली पुढे चालवतात. याच समाजाच्या आवारात १९३० मध्ये धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहते, आणि सरकारी आकडे तपासून पाहण्याची रानडे-गोखल्यांची सवय तेथे शास्त्र बनते. पुण्यात असाल तर टेकडी आणि हे आवार एका सकाळी पायी पाहून होते.

गांधीजींचा भाग बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून तो थोडक्यात आटोपावा; एक तपशील मात्र सोडू नये. १९१२ मध्ये गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले, तेव्हा जोहान्सबर्गच्या एका सभेत कोकणी मुसलमान आणि मराठी हिंदू श्रोते होते. गांधीजींनी आग्रह धरला, की येथे मराठीतच बोलावे, हिंदुस्थानीत भाषांतर मी करीन. तुम्हाला मराठी कितपत येते ते मला माहीत आहे, अशा अर्थाचे बोलून गोखले हसले, पण बोलले मराठीतच, आणि त्यानंतर झांजिबारपर्यंत आपल्या लोकांपुढे शक्य तेथे मातृभाषेतच बोलत गेले. इंग्रजी ही ज्यांची तलवार मानली जाते, त्या गोखल्यांचा हा प्रसंग मराठी श्रोत्यांपुढे आवर्जून यायला हवा. त्या दौऱ्याच्या आधी, १९१० मध्ये, दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात जाणाऱ्या गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध, मजुरांची भरती थांबवण्याचा ठराव त्यांनी कायदेमंडळात मांडला होता, आणि तो मान्य होऊन १९११ मध्ये ती भरती बंदही झाली. १९१२ मध्ये सगळी गिरमिट पद्धतच बंद करण्याचा त्यांचा ठराव मात्र नामंजूर झाला.

व्याख्यान चाळीस मिनिटांचे असेल तर माझ्या मते पंधरा मिनिटे १९०२ च्या हिशेबाला आणि पंधरा मिनिटे १९१२ च्या पराभवाला द्यावीत. उरलेल्या दहा मिनिटांत कागलपासून पुण्यापर्यंतचे आयुष्य बसते. फळा मिळत असेल तर मागून घ्यावा. आणि स्वतःचा अभ्यास मात्र एका शेवटच्या कागदापाशी नेऊन थांबवावा. १९१५ च्या फेब्रुवारीत, मधुमेहाने खचलेल्या अवस्थेत, मुंबईचे गव्हर्नर विलिंग्डन यांनी मागितल्यावरून गोखल्यांनी प्रांतांना स्वायत्तता कशी द्यावी याचा एक मसुदा पेन्सिलीने लिहून काढला. १९ फेब्रुवारीला, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, ते गेले, आणि हा मसुदा १९१७ मध्ये आगाखानांनी प्रसिद्ध केला. तो छोटा आहे, एका बैठकीत वाचून होतो. वाचताना शेजारी तो सुरुवातीचा कालपट उघडा ठेवावा आणि कोणत्या प्रांताने काय खर्च करायचा, कोणता कर कोणाकडे राहायचा, हे प्रत्येक कलम १९०२ च्या हिशेबाशी ताडून पाहावे.